एम४: नावांची वही चांगली, दारावरचा माणूस हट्टी

मार्गदर्शिकेच्या मुखपृष्ठावर ‘आवृत्ती २’ छापून आलं. यायला हवं होतं ३. मूळ फाइलमध्ये व्याख्या दिसत होती: आवृत्ती म्हणजे ३. फाइल पुन्हा सेव्ह केली, जुन्या तयार प्रती पुसून टाकल्या, भलत्याच फोल्डरमधली फाइल तर वाचली जात नाही ना तेही पाहिलं. आवृत्ती दोनच. एरर नाही, ताकीद नाही, साधी कुरकुरही नाही. तीन तास गेल्यावर आमच्या गटातला सगळ्यात धाकटा मुलगा शेजारी येऊन म्हणाला, “ताई, डम्पडेफ चालवून पाहिलंत का?”

ते चालवल्यावर जे दिसलं, त्यामुळेच हे परीक्षण लिहायला घेतलं. एम४ हे मजकुरातल्या नावांच्या जागी त्यांचे ठरवून दिलेले अर्थ भरणारं साधन (मॅक्रो प्रोसेसर) मी अकरा वर्षं वापरते आहे. मी मराठीत वापरकर्त्यांसाठी मार्गदर्शिका लिहिते. एकाच मूळ मजकुरातून छापील प्रत, वेबवरची प्रत आणि उपकरणाच्या छोट्या पडद्यावर मावेल अशी आटोपशीर प्रत काढायची असते. उत्पादनाचं नाव, आवृत्ती, बटणांची नावं, इशारे हे सगळं एका जागी लिहायचं आणि एम४ने ते जिथल्या तिथे भरायचं. या कामासाठी एम४कडे असलेलं हत्यार म्हणजे त्याचं सिम्बॉल टेबल, म्हणजे कोणत्या नावाचा अर्थ काय याची वही. त्यामुळे इथे मी त्या वहीबद्दलच बोलणार आहे. एम४च्या बाकी करामतींबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

एक खुलासा आधीच करते. आज्ञा आणि मॅक्रो, म्हणजे वहीत अर्थ लिहून ठेवलेल्या गोष्टी, यांची नावं यंत्रावर रोमन अक्षरांत टाइप करायची असतात. इथे मी ती देवनागरीत लिहिते आहे. जिथे खरोखरच देवनागरी नाव अभिप्रेत आहे, तिथे तसं सांगेन.

तर झालं काय होतं? एम४ मजकूर डावीकडून उजवीकडे वाचत जातं. अक्षर किंवा अंडरस्कोरने सुरू होणारी आणि पुढे अक्षरं, अंक, अंडरस्कोर अशी सलग चालणारी मालिका दिसली, की ते त्याला नाव समजतं आणि वहीत शोधतं. सापडलं, तर त्याचा अर्थ त्या जागी ठेवतं. आणि तोही थेट बाहेर पाठवत नाही, वाचायच्या मजकुरात परत ढकलतं आणि तिथूनच पुन्हा वाचायला लागतं. नाही सापडलं, तर शब्द आहे तसा पुढे जातो. एवढीच रीत. आता मी दोन ठिकाणी ‘डिफाइन’ (वहीत अर्थ लिहायची आज्ञा) लिहिलं होतं आणि दोन्हीकडे ‘आवृत्ती’ हे नाव अवतरणचिन्हांत ठेवायला विसरले होते. अवतरणचिन्हांतलं नाव एम४ वहीत शोधत नाही. पहिल्या वेळी वहीत ते नाव नव्हतं, म्हणून काम झालं: आवृत्ती म्हणजे २. दुसऱ्या वेळी डिफाइनच्या कानावर नाव पडायच्या आधीच पार्सरने, म्हणजे एम४च्या मजकूर वाचणाऱ्या भागाने, ते वहीत पाहिलं, सापडलं, आणि त्याच्या जागी २ ठेवून मोकळा झाला. डिफाइनला मिळालेली आज्ञा अशी: ‘२’ या नावाचा अर्थ ३. त्याने ती मुकाट्याने पाळली.

डम्पडेफला नाव न देता बोलावलं, की वहीतली सगळी नावं वर्णक्रमाने समोर येतात. त्या यादीत अगदी वर बसलं होतं ‘२’, आणि त्याचा अर्थ ३. गंमत अशी, की हे नाव मजकुरात कधीच ओळखलं जाणार नाही, कारण नाव अंकाने सुरू होऊ शकत नाही. मुखपृष्ठावर, पानांच्या क्रमांकांत, तक्त्यांत, कुठेही २ लिहा, वही उघडलीच जात नाही. नोंद आहे, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट नाही.

चूक माझी होती, यात वाद नाही. नाव अवतरणचिन्हांत ठेवा हे एम४च्या पुस्तिकेत लिहिलंय. पण त्या तीन तासांत एम४चं जे लक्षात आलं, ते अकरा वर्षांत आलं नव्हतं. वही वेगळी आणि वहीपाशी बसलेला माणूस वेगळा. वही काहीही लिहून घेते: अंक, विरामचिन्हं, मधल्या रिकाम्या जागा, देवनागरी, काय वाटेल ते. आणि दारावरचा पार्सर मात्र ठरावीक चेहऱ्याच्या पाहुण्यांसाठीच वही उघडतो. एम४चे जवळजवळ सगळे गुण आणि सगळे त्रास या दोघांच्या स्वभावातल्या फरकातून येतात.

आधी वहीबद्दल, कारण तिथे तक्रारीला जागा कमी आहे. ग्नू एम४च्या (ग्नू प्रकल्पाने केलेल्या एम४च्या) १.४ मालिकेतलं सिम्बॉल टेबल म्हणजे अगदी साधं साखळ्यांचं हॅश टेबल. नावावरून एक आकडा काढायचा, त्या आकड्याच्या खणात जायचं, आणि खणातल्या यादीत नाव शोधायचं. खणांची संख्या बराच काळ ५०९ होती. ती मूळ संख्या (प्राइम) आहे. मूळ संख्या घेतली की नावं खणांत बऱ्यापैकी सारखी विखुरतात. ‘एच’ हा पर्याय देऊन खण वाढवता येतात. मी एकदा हौसेने वाढवून पाहिले. माझी नावं सातशेच्या आसपास, म्हणजे मुळात प्रत्येक खणात सरासरी एक-दोनच. काडीचाही फरक जाणवला नाही.

मला या रचनेत आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. प्रत्येक खणातली यादी नावांच्या क्रमाने लावलेली असते, आणि एकच नाव तिच्यात अनेकदा येऊ शकतं. ‘पुशडेफ’ केलं, की जुना अर्थ तसाच ठेवून त्याच्या पुढ्यात नवा अर्थ बसतो. यादी क्रमवार असल्यामुळे एकाच नावाच्या सगळ्या नोंदी शेजारी शेजारी येतात आणि सगळ्यात ताजी पहिली सापडते. मागून आली आणि शहाणी झाली, असा प्रकार; फरक इतकाच, की ‘पॉपडेफ’ म्हटल्यावर ती शहाणी निमूट निघून जाते आणि जुनी पुन्हा पुढे येते. वेगळी थप्पी नाही, वेगळा नियम नाही. शोधण्याच्या क्रमातूनच सगळं निघतं. एखाद्या प्रकरणापुरतं ‘बटण’ या नावाचा अर्थ बदलायचा असेल, तर सुरुवातीला पुशडेफ आणि शेवटी पॉपडेफ. विसरलात, तर पुढची सगळी प्रकरणं त्या बटणाखाली. ‘अनडिफाइन’चं मात्र सांभाळून, ते त्या नावाच्या सगळ्या पिढ्या एका फटक्यात पुसतं. मी सुरुवातीला अनडिफाइन आणि पॉपडेफ एकच समजत होते, आणि तेव्हाच्या एका मार्गदर्शिकेत सहाव्या प्रकरणापासून पुढे उत्पादनाच्या नावाऐवजी नुसतं मॅक्रोचं नाव छापलं गेलं होतं.

आता दाराकडे.

मराठी लिहिणाऱ्यांनी एम४ वापरावं की नाही, याचं माझं उत्तर एका अनपेक्षित सोयीवर उभं आहे. पार्सरला ‘अक्षर’ म्हणजे फक्त रोमन अक्षर कळतं. देवनागरी अक्षराचे यूटीएफ-८मधले (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीतले) बाइट त्याच्या लेखी अक्षर नाहीत. ते विरामचिन्हांसारखे आले तसे पुढे सोडले जातात. ऐकायला हे अपमानास्पद वाटतं. पण त्याचा एक परिणाम असा, की मराठी मजकुरातला कोणताही शब्द चुकून मॅक्रो ठरत नाही. इंग्रजी मजकूर एम४मधून काढणाऱ्यांना सतत धास्ती असते, की आपण वापरलेला साधा शब्द कुठेतरी कुणाची तरी व्याख्या निघेल. आपल्याला ती नाही. पानभर मराठीत रोमन दिसलं की समजावं, हा मॅक्रो.

दुसरा परिणाम त्याहून गोड. इंग्रजीत मॅक्रोच्या नावाला प्रत्यय चिकटवायचा, तर मध्ये रिकामी अवतरणचिन्हं घालावी लागतात, नाहीतर नाव आणि प्रत्यय मिळून एक लांबलचक नवंच नाव होतं आणि ते वहीत सापडत नाही. पार्सर नेहमी जमेल तितकं लांब नाव उचलतो. मधेच थांबून ‘एवढं तर ओळखीचं आहे’ असा विचार तो करत नाही. मराठीत मात्र रोमन नावाला लागूनच ‘ने’, ‘ला’, ‘मध्ये’ लिहिलं तरी चालतं, कारण पहिल्या देवनागरी बाइटपाशी नाव संपतं. विभक्ती प्रत्यय चिकटून लिहिणाऱ्या भाषेसाठी हे इतकं सोयीचं आहे, की जणू मुद्दाम केलंय असं वाटावं. अर्थात तसं काही नाही. एम४ ब्रायन केर्निहन आणि डेनिस रिची यांनी १९७७ मध्ये लिहिलं. तेव्हा युनिकोड हे नावही जन्माला यायचं होतं.

पण सामान्यरूप! ते कोण सांभाळणार? उत्पादनाचं नाव व्यंजनान्त असेल तर वेगळं, आकारान्त असेल तर वेगळं. ‘तक्ता’ला ‘ने’ जोडला की ‘तक्त्याने’ व्हायला हवं. एम४ बिचारं ‘तक्ताने’ करून देतं. वहीत एका नावाला एका वेळी एकच अर्थ असतो, आणि शब्दाच्या पुढे काय येणार हे वही बघत नाही. मी शेवटी प्रत्येक संज्ञेसाठी दोन नोंदी ठेवल्या, एक सरळ रूपाची आणि एक सामान्यरूपाची, आणि दुसरीच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर. अनेकवचन आलं की चार. हा दोष एम४चा म्हणणं अन्यायाचं आहे, पण ज्यांना मराठी मजकुरासाठी एखादं साधन निवडायचं आहे त्यांनी हे काम हिशेबात धरावं. संपादनात माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

रोमन शब्द मजकुरात येतातच, त्यांचं काय? इथे मला एकदा ठेच लागली आहे. एका उपकरणाच्या पडद्यावर मेनू इंग्रजीत होता आणि आम्ही मेनूतले शब्द रोमनमध्ये जसेच्या तसे देत होतो. त्यातला एक शब्द ‘डायव्हर्ट’. एका पानावर तो नीट छापला गेला आणि पुढच्या पानावर वाक्यातून नाहीसा झाला. ‘मेनूमधून निवडा’ एवढंच उरलं. पहिल्या पानावर मोठं आद्याक्षर होतं, दुसऱ्यावर छोटं. वहीला मोठी-छोटी अक्षरं वेगवेगळी दिसतात, आणि छोट्या अक्षरांतलं ‘डायव्हर्ट’ ही एम४ची स्वतःची आज्ञा आहे. तिला कंस नसला तरी चालतं. ती आपलं काम करते आणि स्वतःच्या जागी काहीच ठेवत नाही. ग्नूवाल्यांनी या बाबतीत बरीच दया दाखवली आहे: ‘डिफाइन’, ‘लेन’, ‘इंडेक्स’, ‘इन्क्लूड’, ‘शिफ्ट’ असे रोजच्या वापरातले शब्द लगेच पुढे कंस असेल तरच आज्ञा मानले जातात. पण सगळ्यांना ही सवलत नाही. ‘पी’ हा पर्याय दिला, की सगळ्या अंगभूत आज्ञांच्या आधी ‘एम४_’ हा उपसर्ग लागतो आणि हा प्रश्नच मिटतो. तो पहिल्या दिवशीच लावा. मी चौथ्या वर्षी लावला आणि तेव्हा सगळ्या जुन्या फाइली बदलत बसावं लागलं.

कंसाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते: नाव आणि कंस यांच्यात एक जरी रिकामी जागा राहिली, तरी पार्सर ते नाव कंसाविना आलं असं धरतो. मॅक्रो रिकाम्या हाताने चालतो आणि कंसातला ऐवज जसाच्या तसा पानावर उतरतो. नव्या माणसाला हे समजावताना माझी निम्मी सकाळ जाते.

ओळख न पटलेल्या नावाचं काय करायचं, यावर तर या जातीच्या साधनांचे स्वभाव कळतात. मी टेक आणि ट्रॉफ या पानं जुळवणाऱ्या दोन्ही साधनांबरोबर काम केलंय. टेकला अनोळखी नाव दिसलं की ते जागीच थांबून ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स’ असं ओरडतं. ओळीचा क्रमांक देतं आणि आता मी काय करू ते सांगा म्हणतं. ग्रॉफ (ट्रॉफचं ग्नू रूप) अनोळखी स्ट्रिंगच्या, म्हणजे नाव दिलेल्या मजकुराच्या, जागी काहीच ठेवत नाही, आणि वर ते नाव रिकाम्या अर्थाने वहीत लिहूनही टाकतं. एम४ तिसऱ्या तऱ्हेचं: ओळखत नाही तर साधा शब्द असेल, जाऊ दे. नावाच्या आधी काही खूण नसल्यामुळे त्याला दुसरा मार्गही नाही. टेकमध्ये उलटी तिरकी रेघ सांगते की हे नाव आहे, म्हणून न सापडणं ही चूक ठरते. एम४मध्ये प्रत्येक शब्द हे संभाव्य नाव असल्यामुळे न सापडणं हीच सामान्य स्थिती. तेव्हा टंकलेखनात एक अक्षर चुकलं की तुमचा मॅक्रो ‘शब्द’ बनून छापला जातो. मराठी पानावर निदान तो रोमन असल्यामुळे डोळ्यांना खुपतो. मी छपाईआधी सगळ्या पानांतून रोमन शब्द शोधणारी छोटी तपासणी चालवते, आणि तिने मला कितीतरी वेळा वाचवलंय.

टेकच्या वहीतही एक खोड आहे, आणि ती मला एम४च्या खोडीपेक्षा जास्त त्रासदायक वाटते. ‘सीएसनेम’ ही आज्ञा वापरून नाव जुळवलं आणि ते वहीत नसलं, तर टेक ते तिथल्या तिथे ‘रिलॅक्स’ (काहीच करू नको) या अर्थाने लिहून घेतं. म्हणजे अमुक आहे का असं नुसतं विचारलं तरी ते ‘आहे’ होतं. पुढे ई-टेक या टेकच्या वाढीव रूपाने ‘इफसीएसनेम’ आणून ही अडचण दूर केली. एम४चं ‘इफडेफ’ सुरुवातीपासून सरळ आहे: विचारा, उत्तर घ्या, वहीला डाग पडत नाही. टेकचे कर्ते क्नूथ यांच्या मूळ टेकमध्ये या तक्त्याची लांबी २१०० आणि हॅशसाठीची मूळ संख्या १७७७ होती, हे वाचून मला एम४चे ५०९ खण एकदम गरीब वाटले होते. पण वापरात ते कधी कमी पडले नाहीत.

पुन्हा वाचण्याच्या सवयीबद्दल दोन शब्द. अर्थ परत वाचायला ढकलला जातो, त्यामुळे मॅक्रोच्या अर्थात दुसरा मॅक्रो असला तर तोही उलगडतो. मार्गदर्शिकेच्या नावात उत्पादनाचं नाव, त्यात आवृत्ती, असं एकात एक ठेवता येतं. पण एखाद्याच्या अर्थात त्याचंच नाव आलं, की चाक थांबत नाही. सी या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रीप्रोसेसरमध्ये ही काळजी घेतलेली आहे. एखादा मॅक्रो उलगडत असताना त्याचंच नाव पुन्हा आलं, तर तिथे ते साधा शब्द समजून सोडलं जातं. एम४मध्ये तसं काही नाही. ‘कोश’ या मॅक्रोच्या अर्थात मी ‘कोश पाहा’ असं लिहिलं होतं, तेव्हा पंखा जोरात फिरायला लागला आणि आमच्या यंत्राची मेमरी भरत गेली. तिथे अवतरणचिन्हांचा एक जादा थर हवा होता.

ही अवतरणचिन्हंही जरा विचित्रच: उघडताना उलटं एकेरी चिन्ह (बॅकटिक), मिटताना सरळ. मजकुरातलं एक सरळ एकेरी चिन्ह अवतरणाच्या आत आलं की ते मिटवतं आणि तिथून पुढचं सगळं उघड्यावर पडतं. ‘चेंजकोट’ने मी ती दुहेरी चौकोनी कंसांवर नेली. ऑटोकॉन्फ (एम४वर उभं असलेलं दुसरं एक साधन) वापरणारे एकेरी चौकोनी कंस वापरतात. मराठी मजकुरात चौकोनी कंस क्वचितच येतो, तेव्हा हा बदल करताना हात थरथरायचं कारण नाही.

अक्षरं मोजायला मात्र एम४ला सांगू नका. ‘लेन’ला ‘मराठी’ दिलं तर उत्तर येतं १५. पाच कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं), प्रत्येकी तीन बाइट. तुकडा काढणाऱ्या ‘सबस्ट्र’ने पहिले चार मागितले, तर ‘म’ आणि त्यामागे एक तुटका बाइट. ‘ट्रान्स्लिट’ने इंग्रजी अंकांचे देवनागरी अंक करण्याचा मोह मला झाला होता, ते एका बाइटला एक बाइट बदलतं, त्यामुळे जे निघालं ते पाहवत नव्हतं. शेवटी ‘पॅटसब्स्ट’ (शोधून बदलणारी आज्ञा) दहा वेळा, एकेका अंकासाठी. कुरूप आहे, पण चालतं.

वहीचा सगळ्यात छान उपयोग मला ‘२’च्या त्या प्रसंगानंतरच सुचला. वही काहीही लिहून घेते आणि दारावरचा माणूस अशी नावं ओळखत नाही, तर मग ती नावं सुरक्षित साठवणीची जागा झाली की! मजकुरात ती चुकून कधीच उलगडणार नाहीत, पण ‘इंडिर’ला नाव दिलं की तो दाराला वळसा घालून थेट वहीत जातो. आता इथे मी खरोखरच देवनागरी नावांबद्दल बोलते आहे. आमच्या पारिभाषिक शब्दांचा सगळा कोश मी ‘अर्थ:’ आणि पुढे तो शब्द अशा देवनागरी नावांखाली वहीत ठेवला. संज्ञा दाखवणारा एक मॅक्रो आधी इफडेफने पाहतो, की ‘पाहिलं:’ आणि तो शब्द अशी नोंद वहीत आहे का. नसेल, तर ती करतो आणि संज्ञेपुढे कंसात तिचा अर्थ छापतो. असेल, तर नुसती संज्ञा. त्यामुळे प्रत्येक अवघड शब्द पहिल्यांदा आला की समजावला जातो आणि नंतर वाचकाला छळत नाही. प्रकरणं मागेपुढे केली तरी हिशेब आपोआप जुळतो. पूर्वी हे काम मी हाताने करत होते, आणि प्रकरणांचा क्रम बदलला की रडत होते.

त्यात एक जास्तीचा फायदाही पदरात पडला. साध्या रीतीने आलेलं अनोळखी नाव एम४ मुकाट सोडतं, पण इंडिरला दिलेलं नाव वहीत नसलं तर ते तक्रार करतं, फाइल आणि ओळीसकट. म्हणजे कोशात नसलेली संज्ञा वापरली की लगेच कळतं. जी शिस्त मला दारावर हवी होती, ती मागच्या दाराने मिळाली.

कोश मोठा झाल्यावर दर वेळी तो वाचण्यात वेळ जातो असं वाटलं, तर वही गोठवून ठेवायची सोय आहे. ‘एफ’ या पर्यायाने सगळ्या व्याख्या एका फाइलमध्ये जातात आणि ‘आर’ने त्या परत भरल्या जातात. ऑटोकॉन्फ आपले मॅक्रो असेच गोठवून देतं. माझ्या आकाराच्या कामाला याची गरज नव्हती. करून पाहिलं, चाललं, आणि सोडून दिलं, कारण कोश बदलला की गोठवायला विसरायची मी.

गुणच द्यायचे तर वहीला पाचापैकी साडेचार, दाराला अडीच. अर्धा गुण वहीचा यासाठी कापला, की नवीन व्याख्येने जुनी पुसली जाते तेव्हा ती एक शब्द बोलत नाही. दोन लेखक एकाच मजकुरावर काम करत असतील आणि दोघांनी एकच नाव निवडलं, तर शेवटी वाचलेली फाइल जिंकते. आम्ही नावांच्या आधी प्रकरणाची आद्याक्षरं लावायचं ठरवलं आहे. ते ठरवणं सोपं, पाळणं कठीण.

कुणी घ्यावं? ज्यांचा मजकूर देवनागरीत आहे, आणि त्यात भरायच्या गोष्टी शंभर ते हजारच्या घरात आहेत, त्यांनी बेलाशक घ्यावं. फुकट आहे, लहान आहे, आणि युनिक्सच्या वळणाच्या बऱ्याच यंत्रांवर आधीच बसलेलं असतं. ज्यांना वाक्यातल्या शब्दांचा व्याकरणाने विचार करणारं काही हवं आहे, त्यांनी इकडे फिरकू नये. आणि मजकूर मुख्यतः रोमन लिपीत असेल तर मी तरी दुसरं काही शोधीन, निदान ज्यात नावाआधी एखादी खूण लावावी लागते असं.

आता प्रत्येक आवृत्ती बाहेर जायच्या आधी मी डम्पडेफची पूर्ण यादी काढते आणि डोळ्यांखालून घालते. मागच्या वेळी त्यात ‘२’ नव्हतं, ‘३’ही नव्हतं. पण ‘आवृत्ती’ मात्र दोनदा होती, एकीखाली एक, अर्थ वेगवेगळे. एम४ कंसातल्या मजकुराच्या आधीची रिकामी जागा गिळतं, नंतरची गिळत नाही. धाकट्याने या वेळी अवतरणचिन्हं नीट लावली होती, फक्त ती मिटल्यावर स्वल्पविरामाआधी स्पेस ठोकली होती. वहीने ते स्पेससकट नवं नाव म्हणून लिहून घेतलं.